पात्यामागची माणसे



उभे आयुष्य कामगार चळवळीत घालवलेला माणूस चाकूसुऱ्या गोळा करतो, असे ऐकले की काहींच्या भुवया वर जातात. म्हणून प्रथमच सांगतो की, माझ्यापाशी मारण्याचे हत्यार एकही नाही. कारखान्यात ‘हत्यार’ म्हणजे कामाचे साधन, आणि तशीच हत्यारे मी जमवतो : विळी, कोयता, खुरपे, न्हाव्याचा वस्तरा, चर्मकाराची रापी, अडकित्ता आणि थोडे विलायती खिशातले चाकू. यात मोलाचे काय, असे कोणी विचारील. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते ज्यांनी पाहिले असतील, ते असे विचारणार नाहीत.

छंद एकट्याला करता येतो. पण तो कळतो चार माणसांत. सुटीच्या दिवशी युनियनच्या कचेरीत सतरंजीवर मी ही पाती मांडतो. नियम एकच : देताना मूठ समोरच्याकडे असावी. रापी हाती घेताच एक सोबती म्हणाला, “भाऊ, हिचा धनी डावखुरा होता.” त्याचे वडील जोडे शिवीत. झीज कोणत्या अंगाला आहे, हे त्याने पाहिले होते. मी पुष्कळ पुस्तके वाचली. हे एकातही नव्हते.

दुसऱ्याने शेफील्डचा चाकू उचलून विचारले, “हा घासला कोणी?” त्या प्रश्नापायी मी वाचनालयात गेलो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या त्या गावी पाती वालुकाश्माच्या चाकावर घासीत. कोरड्या चाकाची धूळ छातीत जाई. काटे घासणाऱ्यांपैकी पुष्कळांना चाळिशीदेखील दिसत नसे. धूळ ओढून नेणारे पंखे निघाले, तेव्हा काही कामगारांनीच ते मोडले, असे एंगल्सने १८४५ मध्ये लिहून ठेवले आहे. का? तर धंदा निर्धोक झाला की माणसे वाढतील आणि मजुरी उतरेल! मजुरीसाठी माणूस आपले आयुष्य तोडून द्यायला तयार होतो, याहून भयंकर गोष्ट कोणती?

पुढे १८६६ मध्ये तिथेच, संघटना सोडणाऱ्या एका कामगाराचे घर सुरुंगाच्या दारूने उडवले गेले. १८६७ च्या चौकशीत संघटनेच्या पुढाऱ्याचा हात उघड झाला. हे मी झाकून ठेवीत नाही. आपल्याच भावाला भिववून उभी केलेली एकी ही एकी नव्हे. १८७१ च्या कायद्याने इंग्लंडात संघटनांना मान्यता मिळाली, ती दारूच्या धाकाने नव्हे. उघडपणे बाजू मांडणारेही होते म्हणून.

ही हकिगत सांगितली तेव्हा कचेरीत कोणी बोलेना. मग एकजण म्हणाला, “आपल्या खात्यातही धूळ आहेच की.” पुढच्या सभेत मुखपट्ट्यांची आणि धूळ ओढणाऱ्या पंख्यांची मागणी पहिल्या क्रमांकावर आली. खंबायतला अकीक घासणाऱ्यांची फुप्फुसे अशाच धुळीने निकामी झाली आहेत. तेव्हा ही कथा केवळ जुन्या इंग्लंडची नाही.

आपल्या घरी आजीची विळी माळ्यावर पडली असेल. ती मोडीत घालण्यापूर्वी खाली काढा, शेजाऱ्यांना दाखवा. पाते कोणी घडवले, कोणी झिजवले, त्याला काय मिळाले, एवढे विचारा. वस्तू आपली असली, तरी तिच्यातले श्रम अनेकांचे असतात.