संगणक बंद होतानाचा हिशेब



कचेरीचा दिवस संपला म्हणजे रोखपाल कीर्द पुरी करतो, शिल्लक मोजतो, तिजोरीला कुलूप लावतो आणि मगच खुर्ची सोडतो. संगणकालाही दिवसाअखेरची अशीच आवराआवर असते. ती अर्धवट राहिली, तर पुढच्या वेळी संगणक सुरू होताना ‘फाइल सिस्टिम नीट अनमाउंट झाली नव्हती’ अशा अर्थाची सूचना पडद्यावर उमटते. तपासणी आपोआप होते, काम सुरू होते आणि सूचना विसरली जाते. मात्र ती रोजच येऊ लागली, तर तिचे कारण शोधणे अगत्याचे आहे. घरपट्टीची यादी किंवा शाळेचे गुणपत्रक त्याच डिस्कवर असते.

लिनक्स या प्रणालीचे उदाहरण घेऊ. लायनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये फिनलंडमध्ये तिचा आरंभ केला. आपल्याकडे सी-डॅक या संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणाली याच पायावर उभी आहे. लिनक्समध्ये जतन केलेला मजकूर प्रथम स्मृतीत राहतो आणि थोड्या वेळाने डिस्कवर उतरतो. सर्वसाधारण मांडणीत ही मुदत सुमारे ३० सेकंदांची असते. डिस्कवरील फाइल सिस्टिम वापरासाठी जोडणे म्हणजे माउंट करणे, तर राहिलेले सर्व लेखन पुरे करून ती विलग करणे म्हणजे अनमाउंट करणे होय. हे दुसरे काम होण्यापूर्वीच वीज गेली, तर स्मृतीतील मजकूर डिस्कपर्यंत पोहोचत नाही.

१९९३ च्या ‘एक्स्ट २’ या फाइल सिस्टिममध्ये अशा प्रसंगी सारी डिस्क तपासावी लागे. २००१ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आलेल्या ‘एक्स्ट ३’ने आणि २००८ च्या ‘एक्स्ट ४’ने कीर्दीचा उपाय योजला. होऊ घातलेला बदल आधी जर्नलमध्ये, म्हणजेच कीर्दीत लिहिला जातो व नंतर खतावला जातो. त्यामुळे दुरुस्ती बहुधा काही सेकंदांत उरकते. तथापि नेहमीच्या मांडणीत ही कीर्द फाइलींच्या रचनेची असते, त्यांतील मजकुराची नव्हे. रचना शाबूत राहूनही शेवटचा मजकूर गमावला जाऊ शकतो, हे ध्यानी ठेवावे.

वीज गेल्यामुळे हे घडत असेल, तर यूपीएस हा सरळ उपाय आहे. परंतु रीतसर आज्ञा देऊन संगणक बंद केला आणि तरीही सूचना आली, तर दोष बंद होण्याच्या क्रमात शोधावा. प्रथम चालू प्रोग्रॅमना थांबण्याची विनंती जाते. बहुतेक लिनक्स प्रणालींत हे काम पाहणाऱ्या सिस्टिमडीच्या मूळ मांडणीत त्यासाठी ९० सेकंदांची मुदत असते. न थांबणारे सक्तीने थांबवले जातात. त्यानंतर फाइल सिस्टिम विलग होतात. मूळ फाइल सिस्टिम अखेरीस केवळ वाचनापुरती उरते आणि मग वीज तुटते.

हा क्रम तीन ठिकाणी सहसा बिघडतो. एखादा प्रोग्रॅम फाइल धरून बसतो. दुसऱ्या संगणकावरील सामायिक फोल्डर विलग होण्याआधीच नेटवर्क बंद पडते. अथवा ‘संगणक अडकला’ असे समजून कोणी त्या ९० सेकंदांतच बटण दाबून धरतो.

शोध पायरीपायरीने घ्यावा. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. मग मागील सत्राची नोंदवही ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने वाचावी. नोंदवही त्याच डिस्कवर असल्याने तिच्या शेवटच्या ओळी पुष्कळदा लिहिल्याच जात नाहीत. म्हणून बंद होताना पडद्यावरचे चित्र हटवून तेथील संदेश पाहावेत. संशयित फाइल सिस्टिम हाताने विलग करून पाहावी. ‘व्यस्त आहे’ असे उत्तर आले, तर ‘फ्यूजर’ किंवा ‘एलएसओएफ’ ही आज्ञा कोणता प्रोग्रॅम आड येतो ते सांगते. सामायिक फोल्डर नेटवर्कवर अवलंबून आहे, हे माउंटच्या यादीत नमूद करता येते. एका वेळी एकच बदल करावा, संगणक पुन्हा बंद करून पाहावा आणि फळ लिहून ठेवावे. जोडलेल्या फाइल सिस्टिमवर दुरुस्तीची आज्ञा मात्र कदापि चालवू नये. त्याने चांगली डिस्कही बिघडू शकते.

रोज सकाळी कीर्द दुरुस्त करावी लागत असेल, तर आदल्या सायंकाळी ती कोणी अपुरी ठेवली, हे विचारणे कार्यालयप्रमुखाचे कर्तव्य ठरते. संगणकाच्या बाबतीतही तोच प्रश्न विचारावा. गावाच्या आणि शाळेच्या नोंदी जपण्याचे काम सायंकाळच्या त्या दीड मिनिटाच्या धीरापासून सुरू होते.