धुऱ्यावरचा तोल



आभार मानण्याची रीत एका वाक्यात उरकतो: ही परिषद भंडाऱ्यात भरवलीत, फार बरे केलेत. सकाळपासून आपण व्हर्च्युअल रिॲलिटीचे प्रयोग ऐकतो आहोत. डोळ्यांवर हेडसेट, पायाखाली फोर्स प्लेट, समोरचे दृश्य हलवायचे आणि रुग्ण किती झुकतो ते मोजायचे. तंत्राबद्दल माझी तक्रार नाही. प्रश्न आहे तो त्या हेडसेटमध्ये आपण दाखवतो काय याचा. बहुतेक तयार दृश्ये शहरी असतात, मॉलमधली, फुटपाथवरची. साकोली-लाखांदूरकडचा माणूस पडतो तो रोवणीच्या दिवसांत, दोन बांध्यांमधल्या निसरड्या धुऱ्यावर.

तोल सांभाळताना शरीर डोळ्यांचे ऐकते, अंतर्कर्णाचे ऐकते आणि तळव्यांचे, सांध्यांचेही ऐकते. एकोणिसाव्या शतकात रोम्बर्ग यांनी रुग्णाला डोळे मिटून उभे केले; आपण आजही तेच करतो. पण डोळे मिटले की दृष्टी संपलीच, मधली पायरी नाही. १९७०च्या दशकात एडिंबरोच्या डेव्हिड ली आणि सहकाऱ्यांनी जमीन स्थिर ठेवून खोलीच्या भिंती सरकवल्या. आतली मोठी माणसे झुलली, नुकती उभी राहू लागलेली बाळे तर पडली. हेडसेट म्हणजे तीच खोली, चष्म्याच्या मापाची. कंपवाताचा रुग्ण डोळ्यांवर जास्त विसंबतो. जमिनीवर आडव्या पट्ट्या आखल्या की त्याचा थिजलेला पाय अनेकदा सुटतो आणि दाराच्या चौकटीत पुन्हा खिळतो. ती चौकट सुतार न बोलावता रुंद-अरुंद करता येते, हे मला या यंत्राचे सर्वांत मोठे काम वाटते.

आपल्या भागात मात्र कंपवातावर थांबून चालणार नाही. धान उभे असतानाच ओलीवर फेकली जाणारी लाखोळी ही डाळ इथलीच. टंचाईत दुसरे काही नसताना महिनोन्‌महिने तीच खाल्ली, तर तिच्यातील ओडॅप हे द्रव्य पायांच्या हालचालींचे चेतामार्ग बिघडवते. पाय ताठरतात, चालताना एकमेकांवर येतात. १९६१ साली तिच्या विक्रीबंदीचा नियम झाला. नागपूरचे शांतिलाल कोठारी त्या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे लढले. त्या वादात मी आज शिरत नाही. माझा मुद्दा तपासणीचा आहे. लाखोळीच्या रुग्णाची संवेदना बहुधा शाबूत असते, आड येतो तो ताठरपणा. त्याला आणि कंपवाताच्या रुग्णाला केसपेपरवर ‘वारंवार पडतो’ एवढ्या एकाच शेऱ्याखाली घालणे हा आपला आळस आहे. दृश्य हलवल्यावर दोघे वेगवेगळे झुलतील असा माझा अंदाज आहे. तुमच्यापैकी कुणीतरी तो तपासून पाहावा, खोटा ठरला तरी हरकत नाही.

हेडसेट डोळ्यांना फसवतो, तळव्यांना नाही. धुऱ्याचे चित्र दिसेल, चिखल लागणार नाही. त्यासाठी पायाखाली निदान मऊ फोम तरी हवा. काहींना मळमळते, स्वतःची पावले दिसेनाशी झाल्याने काही जण बिचकतात. ज्यांनी मोबाइलवर कधी व्हिडिओही पाहिलेला नाही, अशा आजींना आधी नुसते खुर्चीत बसवून दृश्य दाखवा.

हेडसेटसाठी धुऱ्याचे चित्रण कराल, तर ते भरदुपारी करू नका. डोळ्यांवर विसंबणारा माणूस अंधारात जास्त अडखळतो. झाडीपट्टीचे नाटक रात्रभर पाहून, उजाडायच्या आत पायवाटेने घरी निघालेल्या माणसाला जेवढे दिसते, तेवढेच हेडसेटमध्ये दिसू द्या. आणि निधी आला की आधी छताला टांगायचा सुरक्षापट्टा घ्या; हेडसेट नंतर.