जागलीवर बसलेले पोर
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, पीक विम्यावर झाले. आता मी जो विषय काढतो आहे तो बाजार समितीतला नाही, शाळेतला आहे. कोणी म्हणेल, हा मास्तर लोकांचा विषय, आपल्या बैठकीत कशाला? आपल्या बैठकीत एवढ्यासाठी, की ही पोरे आपल्याच घरची आहेत.

ज्या घरातला कर्ता माणूस कर्जापायी जातो, त्या घरी पुढचे पंधरा दिवस सगळे येतात. तलाठी येतो, पोलीस येतो, पुढारी येतात, फोटोवाले येतात. प्रकरण पात्र की अपात्र, याचा कागद तालुक्याहून जिल्ह्याला जातो. त्या कागदांत सात-बारा असतो, बँकेचा दाखला असतो. पोरांची नावे वारस म्हणून येतात, तेवढीच. तेरावे उरकले की पोर दप्तर घेऊन शाळेत जाते आणि गावाला वाटते, चला, लागले मार्गाला.

ते मार्गाला लागलेले नसते. त्याने धसका घेतलेला असतो. डॉक्टर याला मानसिक आघात म्हणतात. आपला शब्द जुना आहे आणि जास्त नेमका आहे.

धसका म्हणजे काय, ते तुम्हाला कळायला अवघड नाही. ज्वारी हुरड्यात आली की आपण जागलीला जातो. रात्रभर मचाणावर बसून डुकरांची चाहूल घ्यायची. पान हलले तरी हात बॅटरीकडे जातो. त्या वेळी कोणी सतराचा पाढा विचारला तर येईल का? येत असला तरी येणार नाही, कारण सगळा जीव कानात गोळा झालेला असतो. धसका घेतलेले पोर असे रात्रंदिवस जागलीवर असते. आपले पीक घरी आले की आपली जागल संपते. त्याची संपली, हे त्याला कोणी सांगत नाही.

मग वर्गात दार आपटले की ते दचकते, नाही तर शेजारच्याच्या अंगावर धावून जाते. गुरुजींना वाटते, मस्तीला आले. दुसरे एखादे गप्पगार होते, मुकाट्याने गृहपाठ करते. त्याला शाबासकी मिळते, आणि म्हणूनच ते कोणाच्या ध्यानात येत नाही. थोरली मुलगी असली तर ती वेचणीच्या दिवसांत शाळेतच दिसत नाही. आईबरोबर कापूस वेचते, धाकट्याला सांभाळते, आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी पडत जाते.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांतल्या एखाद्या घरचे पोर वर्गात बसले आहे आणि शेजारच्या शेतातून फवाऱ्याचा वास आला, तर त्याच्या पोटात काय होत असेल? ते पोर उठून पळाले तर ती बेशिस्त नव्हे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. गणपती बुडवून लोक झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे गेली. भारतीय जैन संघटनेने तिथली सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याजवळ वाघोलीला नेली. त्या मुलांना काय झाले आहे हे साऱ्या देशाला माहीत होते. आपल्याकडे भूकंप एकेका घरात होतो. शेजारचे घर उभे असते, शाळा उभी असते, पोषण आहाराची खिचडी रोजच्यासारखी शिजते. म्हणून कोणाला दिसत नाही.

शाळेने करायचे काय? पोराला बरे करायचे नाही, ते तज्ज्ञांचे काम. शाळेने त्याची जागल वाढवायची नाही. पोर परत येण्याआधी गुरुजींनी घरी जाऊन यावे. वर्गातल्या मुलांना आधीच सांगावे, की त्याला काही विचारू नका, खेळायला घ्या. एका शिक्षकाने किंवा बाईंनी रोज त्याची दखल घ्यावी, तीच व्यक्ती, तोच वेळ. ‘माझे बाबा’ हा निबंध त्या वर्षी दिला नाही तर काही बिघडत नाही. मृत्यूचा दाखला भर वर्गात मागायचा नाही. आणि मदतीच्या वह्या देताना व्यासपीठावर उभे करून ‘आत्महत्याग्रस्त कुटुंबातील विद्यार्थी’ म्हणून नाव पुकारायचे नाही. वही शंभर रुपयांची, अन् शिक्का जन्माचा. मारणे आणि मानसिक छळ यांना तर शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानेच बंदी आहे.

गुरुजींचीही बाजू आहे. एका खोलीत दोन वर्ग, वर निवडणुकीची कामे, आणि जीव रमला की बदली. त्यांना कोणी हे शिकवलेलेच नसते. म्हणून त्यांच्यावर धावून जाऊ नका, सोबत बसा.

वसतिगृहे, आश्रमशाळा, बालगृहे यांचे दुखणे वेगळे. तिथे रात्र वाईट. अंथरूण ओले झाले म्हणून पोराला हसायचे नाही, गादी सगळ्यांसमोर वाळत घालायला लावायची नाही. भाऊ एका संस्थेत, बहीण दुसरीकडे, असे झाले तर त्यांची भेट, निदान फोन, ठरलेल्या दिवशी झालाच पाहिजे. झाला प्रकार पोराने पोलिसाला सांगायचा, मग समितीला, मग अधीक्षकाला, मग नव्या अधीक्षकाला. प्रत्येक वेळी खपली निघते. एकदा सांगितलेले नीट लिहून ठेवा, पुढच्याने ते वाचावे.

आपल्या हातात काय आहे? शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक असतात आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. आपण त्या सभेला जातो का? सही घरी आली की करून मोकळे. गावाची बाल संरक्षण समिती असते, सरपंच तिचा अध्यक्ष. तिची बैठक शेवटची कधी झाली, ते ग्रामसभेत विचारा. आई किंवा बाप गेलेल्या मुलासाठी बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तिची रक्कम महिना २,२५० रुपये झाली. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याकडे जातो. मुलाला धोका वाटला तर १०९८, मन फारच खचले तर १४४१६. दोन्ही फोन फुकट आहेत, मोठ्यांनीही दुसरा लावावा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने आपल्या गावांतल्या अशा घरांची पोरे कोणत्या शाळेत, कोणत्या वसतिगृहात आहेत आणि बालसंगोपनाचा अर्ज भरला की नाही, एवढे वहीत लिहून आणावे. वही तालुकाप्रमुखाकडेच राहील. नावे या अंकात किंवा कुठेही छापली जाणार नाहीत.