गोळ्यांची पिशवी एकच ठेवा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



कर्जवाटपाच्या आधी पाच मिनिटं मागून घेतली आहेत. विषय औषधांचा आहे.

माझ्या आत्याला कॅन्सर होता. दुखणं सोसेना म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल सुरू केलं. पण आतोबा गेल्यापासून ती एक ‘झोपेची गोळी’ घ्यायची. खरं तर ती डिप्रेशनची गोळी होती. लोक वेडी म्हणतील म्हणून तिनं ती पिठाच्या डब्यामागं लपवलेली. डॉक्टरांना सांगितलीच नाही.

दुसऱ्याच दिवशी तिला दरदरून घाम सुटला. हातपाय थरथरायला लागले, जुलाब झाले, ती बरळायला लागली. घरातले म्हणाले, आता शेवट आला. मी 108 बोलावली. दवाखान्यात डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या मागितल्या. बघून म्हणाले, हा कॅन्सर नाही, या दोन गोळ्या एकमेकींना लागल्यात. आत्या त्यातून उठली आणि पुढं चार महिने आमच्यात बोलत-बसत राहिली. ते चार महिने आम्ही घालवणारच होतो.

असं का होतं? आपल्या मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं. डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या ते वाढवतात. ट्रॅमाडॉलही वाढवतं. दोन्ही मिळून ते फार झालं की ही लक्षणं दिसतात. ताप चढतो, अंग ताठतं, कधी झटकाही येतो. जीवही जाऊ शकतो.

मोठ्या रुग्णालयातही हे घडू शकतं. 1984 साली न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही 18 वर्षांची मुलगी डिप्रेशनची गोळी घेत होती. रुग्णालयात तिला पेथिडीन हे वेदनाशामक टोचलं आणि काही तासांत ती गेली. या दोन औषधांच्या मेळाचा प्रश्न पुढं कोर्टात गाजला.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी डिप्रेशनच्या काही गोळ्यांबरोबर घेतली, तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौच डांबरासारखी काळी झाली तर लगेच दवाखाना गाठा. दुसरं, नसांच्या दुखण्यावर देतात ती अमिट्रिप्टिलिनही मुळात डिप्रेशनचीच गोळी आहे. म्हणून ‘आमच्याकडं तसलं काही नाही’ असं म्हणू नका, पाकीट दाखवा.

मात्र घाबरून कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करू नका. त्यानंही त्रास होतो. काही वेळा डॉक्टर दोन्ही गोळ्या विचार करून, मात्रा सांभाळून देतात. त्यांना माहीत असणं महत्त्वाचं. शेजारणीची उरलेली गोळी तर घ्यायचीच नाही. ट्रॅमाडॉल 2018 पासून अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे.

ज्या घरात बरं न होणारं दुखणं आहे, त्यांनी एकटं झुंजू नये. दुखणं कमी करून माणसाला सुखानं जगू देण्याच्या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आपल्याला जवळ म्हणजे वारज्याला हायवेलगत सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे. 1997 पासून तिथं कॅन्सरच्या रुग्णांची मोफत काळजी घेतात.

तायांनो, वहीत न चढवलेलं कर्ज गटाला बुडवतं, हे आपण जाणतो. न सांगितलेली गोळीही तशीच. आज घरी गेल्यावर सगळ्या गोळ्या, काढ्याच्या बाटल्यासुद्धा, एका पिशवीत घाला. दवाखान्यात जाताना ती पिशवी बरोबर न्या. आणि मनाच्या गोळीची लाज धरू नका.