किलोच्या आतला पोस्टमन



कालपासून लवासाच्या या दरीत तुम्ही मोबाइलची रेंज शोधत फिरताय, म्हणून विषय त्याच्याच जवळचा घेते. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ हा उपग्रह बनवला. १० सेंटिमीटरचा ठोकळा, वजन किलोच्या आत. एका ठिकाणचा रेडिओ निरोप पोटात ठेवायचा, दुसऱ्या ठिकाणावरून जाताना खाली द्यायचा. फिरता पोस्टमनच! २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ ने नेलेल्या २० उपग्रहांत हा होता; मुख्य प्रवासी कार्टोसॅट-२ मालिकेतला ७०० किलोहून जड उपग्रह.

अशा ठोकळ्याचं बाहेरचं माप १९९९ मध्ये कॅल पॉली आणि स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी ठरवलं. डब्यात भाजी कुठली, याच्याशी डबेवाल्याला कर्तव्य नसतं. डबा सांडणार नाही एवढं मात्र हादऱ्यांच्या चाचण्यांत सिद्ध करावं लागतं.

खरी मारामारी आतल्या जागेची. दिशा सांभाळायला मोटर बसवली की वीज हवी, बॅटरी वाढते, वजन वाढतं. या मुलांनी चुंबक बसवला. होकायंत्राच्या सुईसारखा उपग्रह पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राशी जुळतो, आणि खास धातूच्या कांड्या त्याचं डोलणं शमवतात. वीज शून्य, कोडची एक ओळ नाही. इतकी वर्षं सॉफ्टवेअर लिहून सांगते, मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग.

इंजिनिअरिंग चार वर्षांत संपतं; या कामाला आठएक वर्षं लागली. ज्यांनी सुरुवात केली, ते उड्डाणाच्या दिवशी कधीच नोकऱ्यांना लागलेले होते. वह्या, आराखडे ज्युनिअर्सच्या हाती देऊन.