एरंडाचें पान आणि पतंगाचीं अंडीं

रात्रीं दिव्याभोंवतीं घिरट्या घालणारा पतंग आपण सर्वांनीं पाहिलेला आहे. पण तो खातो काय, हें आपण सहसा विचारीत नाहीं. आसामांतील एरी रेशमाच्या पतंगापुरतें उत्तर द्यावयाचें तर तो कांहींच खात नाहीं. त्याचें तोंड खाण्याच्या उपयोगाचें राहिलेलेंच नसतें. कोशांतून बाहेर पडावें, जोडीदार शोधावा, मादीनें तीन-चारशें अंडीं घालावीं आणि थोड्याच दिवसांत देह ठेवावा, एवढाच त्याचा संसार. मग इतकीं अंडीं घडविण्याचें द्रव्य येतें कोठून? तें सारें अळीपणीं खाल्लेल्या पानांतून साठविलेलें असतें.

एरी हें नांवच मुळीं एरंडावरून पडलें आहे. तरी ही अळी एरंडाचाच हट्ट धरीत नाहीं. आसामांतील केसेरूच्या पानांवर ती वाढते, आणि ज्या कंदापासून आपला उपवासाचा साबुदाणा होतो, त्या टॅपिओकाच्या पानांवरहि वाढते. वाढते खरी, पण सारखीच वाढते काय?

हें ठरविण्याची प्रयोगशाळेंतील रीत दिसण्यांत साधी, करण्यांत मात्र चिकाटीची आहे. एकाच वेळीं अंड्यांतून निघालेल्या अळ्या सारख्या संख्येनें वांटून घ्यावयाच्या. उष्णता तीच, हवेंतील ओलावा तोच. पान तेवढें निराळें. अळी चार वेळां कात टाकते, आणि आयुष्यांतील बहुतेक सारें खाणें पांचव्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेंत उरकते. तेव्हां एका बाजूस ताजें पान व दुसऱ्या बाजूस सुकलेलें पान घातलें, तर झाडांची तुलना तेथेंच फसली म्हणावयाची! पुढें अळीचें, कोशाचें व आंतील कोशिताचें वजन करावयाचें, अंडीं मोजावयाचीं. आणि उतावळा मनुष्य जें विसरतो तें, म्हणजे त्यांपैकीं किती फुटलीं, हेंहि मोजावयाचें.

अशा प्रयोगांत एरंड बहुधा सरस ठरतो. त्यावरील अळी लवकर पक्व होते, कोश जड भरतो, मादी अधिक अंडीं घालते. टॅपिओकावर दिवस अधिक लागतात आणि वजन उणें पडतें. पानांतील प्रथिनें व पाणी हीं याचीं मोठीं कारणें होत. म्हणून एकाच झाडाचें कोंवळें पान आणि जून पान यांतहि भेद पडतो.

आतां तामिळनाडूंतील सेलमकडे पाहूं. तेथें साबुदाण्यासाठीं टॅपिओकाची मोठी लागवड आहे. शेतकऱ्याच्या घरीं पान आयतें असतें. तें अळ्यांना घालून सूत मिळालें, तर गरीब कुटुंबास तेवढाच आधार. मात्र फार पानें खुडलीं कीं जमिनींतील कंद उपाशी राहतो, हें ध्यानांत ठेवावें लागतें. एरीचा कोश एका टोंकास उघडा असल्यामुळें पतंग जिवंत बाहेर पडतो आणि उरलेल्या कोशाचें सूत काततां येतें. सुतापुरत्या अळ्या टॅपिओकावर पोसण्यास माझ्या मतें कांहीं हरकत नाहीं. पुढच्या पिढीचें बियाणें ज्यांच्यापासून घ्यावयाचें, त्या थोड्या अळ्यांसाठीं मात्र बांधावर एरंडाचीं चार झाडें राखावींत.