चिपाडाची गाडी
(निमगाव सावा येथील स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



विलायती मुलांना मेकॅनो मिळाले. फ्रँक हॉर्नबीने त्याचे पेटंट १९०१ साली घेतले. आम्हांस जोंधळ्याचे चिपाड पुरे होई. भेंडाची चाके, बाभळीच्या काट्यांचे खिळे, पोळ्याला मातीची बैलजोडी, आणि दिवाळीत दारोदारी दगडमातीचा शिवनेरी! चाक आसावर सैल हवे, तटास पाया हवा, हे ज्ञान बोटाला काटा टोचूनच मिळे.

आपल्याच तालुक्यात खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणी उभ्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी त्यांच्या तबकड्या भरीव पत्र्याच्या न करता पोलादी दोरांवर ताणलेल्या बारीक तारेच्या जाळीच्या केल्या; त्यामुळे वजन घटले, वाऱ्याचा जोरही कमी लागतो. थोडक्या साहित्यात मोठे कार्य साधणारी ही बुद्धी आणि चिपाडाची गाडी यांचे गोत्र एकच!

आज तयार खेळणी घरोघरी आहेत. मुलांच्या हातांना मात्र काम उरले नाही. यास्तव विनंती अशी की, गुणवंतांच्या सत्काराबरोबर स्वहस्ते घडविलेल्या वस्तूंसही मंडळाने पारितोषिक ठेवावे. त्यात मुलींनाही समान वाव असावा. तसेच २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी खोडदला भरणारे प्रदर्शन मुलांना अवश्य दाखवावे. गुणपत्रिका कपाटात राहते. हाताचे कसब जन्मभर सोबत करते.